कला शाखेची पारख

बारावीचा निकाल लागला की आपल्या धर्मग्रामांतील घराघरांतून एकच विषय चघळला जातो. मूल विज्ञान शाखेचे असेल तर त्या चर्चेला आखलेली वाट असते. परिचर्या, औषधनिर्माण, अभियांत्रिकी, निदान तंत्रनिकेतन. गुण पाहावेत, शुल्क पाहावे, ओळखीच्या कोणा सिस्टरांना फोन करावा आणि निर्णय घ्यावा. कला शाखेकडे वळू पाहणाऱ्या मुलाच्या वाट्याला मात्र अशी चर्चासुद्धा येत नाही. "दुसरे काही जमले नाही, तर बी. ए. करील," या एका वाक्यात त्याच्या भवितव्याचा निकाल लागतो. महाविद्यालय कोणते, तेथील मराठीचा विभाग कसा, इतिहास कोण शिकवतो, हे प्रश्न कोणी विचारीत नाही. कारण ते विचारण्याजोगे प्रश्न आहेत असेच कोणास वाटत नाही.

म्हणून परळी वैजनाथ येथे एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर एका गृहस्थांनी आम्हांस बाजूला घेऊन जे विचारले, त्याचे आम्हांस अप्रूप वाटले. गृहस्थ वीज केंद्रात कंत्राटी कामावर. शिक्षण बेताचे. ते म्हणाले, "सर, पोरगी म्हणतीय, मराठी अन् इतिहास घेऊन बी. ए. करते. कॉलेज बघून या म्हणतीय. जागा घ्यायची तर पाणी बघावं, रस्ता बघावा, एवढं आम्हाला कळतं. पण कॉलेज बघायचं म्हंजी काय बघावं?"

आम्ही त्या वेळी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. पुढे बरेच दिवस तो प्रश्न मनात राहिला. शिक्षणावर व्यासपीठावरून बोलणाऱ्या आमच्यासारख्यांना जे सुचले नव्हते, ते या गृहस्थांना आणि त्यांच्या मुलीला सुचले होते. जागेची पारख असते तशी कला शाखेचीही असली पाहिजे. ती कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

रूढ मापे कोणती, ते प्रथम पाहू. एक माप निकालाच्या टक्केवारीचे. दुसरे, १९९४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या 'नॅक'ने, दिलेल्या श्रेणीचे. प्रवेशद्वारावरील फलकावर ती श्रेणी ठळक अक्षरांत झळकत असते. तिसरे माप इमारतीचे. या मापांना आम्ही निरुपयोगी म्हणत नाही. परंतु निकाल हा विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेवर आणि बाजारातील गाइडवर बराच अवलंबून असतो. श्रेणी मिळते ती संपूर्ण संस्थेला. त्या एका अक्षरावरून रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आणि मराठीचा विभाग यांतील कोणाचे बळ किती, हे पालकास समजत नाही. त्यातून कला शाखेची अडचण अशी की, तिच्यापाशी दाखविण्याजोगी यंत्रसामग्री नसते. चार खोल्या, फळा, काही कपाटे आणि माणसे, एवढ्यावर तिचा संसार. तेव्हा पारख करावयाची ती माणसांची, कपाटांतील पुस्तकांची आणि त्यांतून बाहेर काय निघाले याची. झाड फळांवरून ओळखावे ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती येथे शब्दशः लागू पडते.

मग फळ म्हणजे काय? आपल्या मराठवाड्याच्याच इतिहासात याचे उत्तर शोधता येते. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ त्याच भाषेतून शिकवीत असे. मराठी मुलाला पदवी घ्यावयाची तर बहुधा हैदराबाद गाठावे लागे, नाहीतर राज्याची सीमा ओलांडून पुणे-नागपूरकडे जावे लागे. स्वामी रामानंद तीर्थांसारखे पुढारी अंबाजोगाईच्या, म्हणजे त्या काळच्या मोमिनाबादच्या, शाळेत शिक्षक म्हणून राबले ते याच परिस्थितीत. मुक्तीनंतर अवघ्या दोन वर्षांत, १९५० साली, दोन महाविद्यालये उभी राहिली: नांदेडचे पीपल्स कॉलेज, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस, आजच्या छत्रपती संभाजीनगरास, काढलेले व पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने प्रसिद्धी पावलेले महाविद्यालय. मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले ते त्यानंतर, १९५८ साली.

या दोन्ही महाविद्यालयांतील कला विभागांचे बळ कशात होते, हे पाहण्यासारखे आहे. मिलिंदमध्ये शिकावयास येणारी मुले बहुतांशी अशा घरांतील होती की, ज्या घरांत त्यापूर्वी अक्षर शिरलेले नव्हते. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. इंग्रजीचे प्राध्यापक म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि तेथील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा परिचय त्यांनी येथील तरुणांना करून दिला. मराठीचे प्राध्यापक गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' हे नियतकालिक दीर्घकाळ चालविले; त्याच्या पानांवर दलित लेखकांच्या पिढ्या लिहित्या झाल्या. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की, इंग्रजीचा विभाग आणि मराठीचा विभाग यांच्यामध्ये भिंत नव्हती. एका विभागातील वाचन दुसऱ्या विभागातील लेखनाला कारण झाले. आणि दोन्ही विभागांनी समोर बसलेल्या मुलाच्या अनुभवाला अभ्यासाचा विषय मानले. तो मुलगा केवळ ऐकून घेण्यापुरता वर्गात बसलेला नव्हता.

नांदेडचे उदाहरण एका माणसाचे. नरहर कुरुंदकर पीपल्स कॉलेजात मराठी शिकवीत व पुढे तेथेच प्राचार्य झाले. परीक्षांच्या वाटेवर हा माणूस अडखळतच आला होता. आजच्या निवडीच्या कोष्टकात त्यांना किती गुण पडले असते, कोण जाणे. परंतु मनुस्मृती, शिवकाल, मराठी कादंबरी, नाट्यशास्त्र, हैदराबादचा लढा, अशा नाना विषयांवर त्यांनी जे विचार मांडले, त्यांनी नांदेडच्या बाहेरही महाराष्ट्राला विचार करावयास लावले. १९८२ साली, पन्नाशीही न गाठता, ते गेले. त्यांची मते सर्वांना पटत असत असे नाही. पटू नयेत अशीही त्यांची काही विधाने आहेत. पण जिल्ह्याच्या गावी राहून, मराठीतून, कोणत्याही विषयाला तर्काने भिडता येते, एवढा विश्वास त्यांनी एका पिढीला दिला.

ही उदाहरणे मोठ्या गावांची आहेत, परळीसारख्या ठिकाणी ती कशी लागू पडावीत, असे कोणी म्हणेल. त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. परळीहून पंचवीसेक किलोमीटरवर अंबाजोगाई आहे. तेथे हिंदीचे अध्यापन करणाऱ्या रंगनाथ तिवारी यांनी मराठीत 'देवगिरी बिलावल'सारखी कादंबरी लिहिली. तेथेच मराठी शिकविणाऱ्या शैला लोहिया लोकसाहित्याचा अभ्यास करता करता त्या गीतांमागील बाईपर्यंत पोहोचल्या. 'मनस्विनी' या प्रकल्पातून परित्यक्ता स्त्रियांसाठी त्यांनी काम उभे केले आणि 'भूमी आणि स्त्री' हे पुस्तक लिहिले. ओवी गाणाऱ्या बाईच्या नावावर जमीन आहे काय, हा प्रश्न मराठीच्या प्राध्यापकाला पडू शकतो, पडावा. तो पडतो तेथे विभाग जिवंत आहे असे समजावे.

यावरून आमची पहिली आणि मुख्य कसोटी अशी: विभाग आपल्या पायाखालची जमीन वाचतो काय?

बीड जिल्ह्यात या कसोटीला विषयांची वाण नाही. दसरा उलटला की या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पाच-सहा महिने दोघांनी राबावयाचे, कोपीत राहावयाचे. वर्गातील कितीतरी मुले अशा घरांतून येतात. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने उचल या व्यवहाराचा हिशेब फळ्यावर मांडला आहे काय? समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आपल्याच गावातील टोळ्यांची नोंद कधी केली आहे काय? २०१९ साली या जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न देशभर गाजला आणि राज्य शासनाला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. अशा वेळी बाहेरचे पत्रकार आणि अभ्यासक गावात येतात, प्रश्न विचारतात, निघून जातात. जो विभाग वर्षानुवर्षे त्याच गावात आहे, त्याच्यापाशी स्वतःची टिपणे असावीत, ही अपेक्षा अवाजवी नाही. प्रत्यक्ष परळीत इतिहासाच्या विभागापुढे वैद्यनाथाचे देवस्थान आहे, ज्याच्या जीर्णोद्धाराशी अहिल्याबाई होळकरांचे नाव निगडित आहे, रेल्वे आहे, १९७१ साली सुरू झालेले औष्णिक वीज केंद्र आहे आणि २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी ते बंद ठेवावे लागले ही गोष्टही आहे. या गावात विजेने काय बदलले, याची साक्ष देणारी वृद्ध माणसे आज आहेत, उद्या नसतील.

दुसरी कसोटी प्रामाणिकपणाची. जमीन वाचणे म्हणजे जमिनीचे गोडवे गाणे नव्हे. मुकुंदराजांच्या 'विवेकसिंधू'चे उदाहरण घेऊ. मराठीतील आद्य ग्रंथ म्हणून त्याचा मान आहे, परंपरेने त्याचा काळ शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८, मानला जातो आणि मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईस दाखविली जाते. परंतु हा ग्रंथ विदर्भातील आंभोरे येथे रचला गेला असेही अभ्यासकांचे एक मत आहे. काळाविषयीही वाद आहेत. अंबाजोगाईच्या शेजारी राहून मराठी शिकविणाऱ्याने काय करावे? अभिमानाने वाद दडपून टाकणारा विभाग दुबळा. दोन्ही बाजूंचे पुरावे विद्यार्थ्यापुढे ठेवून "आता तुम्ही सांगा" असे म्हणणारा विभाग सबळ. मराठी भाषेला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा जाहीर झाला तेव्हा पेढे सर्वत्र वाटले गेले. जुनी पोथी उघडून वाचू शकणारी मुले त्या वर्षी किती तयार झाली, हे मात्र कोणी विचारले नाही.

याच संदर्भात आपल्या ख्रिस्ती वाचकांपुढे एक गोष्ट मांडावीशी वाटते, आणि तीत आमची तिसरी कसोटी आहे. अंबाजोगाईस दासोपंत नावाचे प्रचंड ग्रंथकर्ते संतकवी होऊन गेले. लांबलचक कापडावर लिहिलेली त्यांची 'पासोडी' प्रसिद्ध आहे. त्यांचा काळ १५५१ ते १६१५. इकडे गोव्यात त्याच वेळी फादर थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज जेझुइट धर्मगुरू मराठी ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचीत होते. त्यांचा जन्म १५४९ चा, गोव्यातील आगमन १५७९ चे, मृत्यू १६१९ चा. 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापून निघाले, म्हणजे दासोपंतांच्या निधनानंतर अवघ्या एका वर्षाने. एकाच पिढीतील दोन माणसे, एक बालाघाटाच्या डोंगररांगेत आणि दुसरा समुद्रकाठी, एकच छंद हाताशी धरून आपापल्या श्रद्धेची कथा मराठीत सांगत होती. एकाला दुसऱ्याचे नावही माहीत असण्याचा संभव नाही. परंतु मराठीच्या वर्गात या दोघांना शेजारी बसविता येते. ओवी ही कोणा एका धर्माची मालमत्ता नव्हे, ती मराठी बोलणाऱ्या साऱ्यांची, हे सांगण्यास याहून चांगला धडा कोणता?

तेव्हा कसोटी अशी: जे आपले नाही असे वाटते, त्याला विभाग आपल्या घरात जागा देतो काय? 'ख्रिस्तपुराण' हा "चर्चचा ग्रंथ" म्हणून वगळणारा विभाग आणि महानुभावांचा ग्रंथ "पंथाचा" म्हणून बाजूला सारणारा विभाग, दोघांचे दुखणे एकच. साहित्याची पारख करण्याऐवजी ते लेखकाचे कूळ विचारतात.

हे म्हणताना बोट आपल्याकडेही वळविले पाहिजे. 'ख्रिस्तपुराणा'ची रोमन लिपीतील आवृत्ती जे. एल. सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे सिद्ध केली. देवनागरीत ती १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी आणली. आपल्या फादर कारिदाद द्राग यांची देवनागरी आवृत्ती १९९६ सालची. या साऱ्या खटाटोपानंतरही आपल्या किती घरांत हा ग्रंथ आहे? असला तर कोण वाचतो? जुनी मराठी वाचावयास शिकविणारी जागा महाविद्यालयाचा मराठी विभाग हीच; आणि तेथे आपण आपली मुले पाठवीत नाही. पाठविली तरी "काही जमले नाही" म्हणून पाठवितो. इंग्रजी माध्यमाच्या शाळा, दवाखाने, परिचारिकांची शिक्षणकेंद्रे यांत आपल्या समाजाने जे उभे केले, त्याचा सार्थ अभिमान आहे. परंतु आपला स्वतःचा मराठी वारसा वाचू शकणारा वाचक तयार करण्याचे काम आपण इतरांवर सोपविले आणि मग ते इतरांनी केले नाही म्हणून रुसलो. २०२० साली उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले तेव्हा मराठवाड्यातील आपल्या लोकांना धन्यता वाटली. तो मान आकाशातून पडला नव्हता. त्यामागे अनेक वर्षांचे 'सुवार्ता'चे संपादन, मराठी साहित्याचे अखंड वाचन आणि 'सुबोध बायबल'चे श्रम होते. २०२४ साली ते निवर्तले. त्यांच्या मागून येणारा लेखक आपल्या कोणत्या धर्मग्रामात आज बी. ए.च्या पहिल्या वर्षाला बसला आहे?

येथे आपल्याच परंपरेतील एक उदाहरण आठवते. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ सालचे. १९२२ साली तेथे फादर हेन्री हेरास नावाचे स्पॅनिश जेझुइट इतिहास शिकवावयास आले. भारताचा इतिहास आपणास ठाऊक नाही, तो अभ्यास करून शिकवू, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी रुजू होताना दिल्याची आठवण सांगितली जाते. चार वर्षांत, १९२६ साली, त्यांनी भारतीय इतिहासाच्या संशोधनासाठी संस्था उभी केली. ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. नाणी, हस्तलिखिते, शिल्पे, ग्रंथ यांचा संग्रह त्यांनी केला. त्यांचे शिष्य जॉर्ज मोराइस यांनी कदंब राजघराण्यावरील ग्रंथ १९३१ साली सिद्ध केला. हेरास यांनी सिंधू लिपीच्या वाचनावर अपार श्रम घेतले, पण त्यांचे ते वाचन विद्वानांनी स्वीकारले नाही. तरीही विभागाची इमारत ढासळली नाही, कारण ती एका सिद्धान्तावर नव्हे, अभ्यासाच्या सवयीवर उभी होती. चुकण्याचा धोका पत्करून अभ्यास करणारा शिक्षक आणि पिवळ्या पडलेल्या टिपणांवरून कधीही न चुकता सांगणारा शिक्षक, यांत मुलाला कोणाच्या हाती सोपवावे, हे पालकांनी ठरवावे.

आता भाकरीचा प्रश्न. तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. परळीच्या त्या गृहस्थांना मुलीचे वाचन महत्त्वाचे वाटते, पण तिच्या हाताला काम मिळावे हेही वाटते. आणि ते रास्त आहे. बी. ए. झाल्याने नोकरी मिळेल असे आश्वासन आम्ही देऊ शकत नाही. शिक्षकांच्या जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत. स्पर्धापरीक्षेच्या वर्गांत तारुण्य झिजविणारी मुले आपण पाहतो. आता पुण्यासारख्या शहरांत 'लिबरल आर्ट्स' या नावाने हेच विषय मोठ्या शुल्कावर शिकविणाऱ्या संस्था निघाल्या आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही अनेक विद्याशाखांच्या एकत्र अभ्यासाचा पुरस्कार केला. सुखवस्तू घरांना ज्या विषयांसाठी लाखो रुपये द्यावेसे वाटतात, तेच विषय तालुक्याच्या गावी मात्र नाइलाजाचे ठरतात, यातील विसंगती आपण ओळखली पाहिजे. विषयांत खोट नाही. गरिबाच्या मुलाला ते विषय दुय्यम प्रतीने शिकविले तरी चालतात, या समजुतीत खोट आहे. उचलीच्या कागदावर काय लिहिले आहे ते वाचून त्यातील फट दाखविणारी, ग्रामसभेत उभी राहून चार वाक्ये नीट बोलणारी, आजारी शेजारणीसाठी अर्ज लिहून देणारी मुलगी घरात असणे, ही मिळकत वेतनाच्या चिठ्ठीवर दिसत नाही. ज्या घराने तिचा अभाव भोगला आहे, त्याला तिची किंमत सांगावी लागत नाही.

मग प्रत्यक्ष काय पाहावे? महाविद्यालयात गेल्यावर पालकांनी प्रथम ग्रंथालय गाठावे. एका महाविद्यालयात आम्ही गेलो असता मराठीच्या पुस्तकांच्या कपाटाला कुलूप होते आणि किल्ली ज्यांच्यापाशी होती ते रजेवर होते. तेवढ्याने आमचे अर्धे काम झाले. कपाट उघडे असल्यास पाच-सात पुस्तके काढून शेवटच्या पानावर चिकटविलेली तारखांची चिठ्ठी पाहावी. अलीकडच्या तारखा असतील तर मुले वाचतात. दहा वर्षांपूर्वीची तारीख शेवटची असेल तर ते ग्रंथालय नसून अडगळ आहे. नंतर विभागात जाऊन विचारावे की, कायम शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावर किती. तासिका तत्त्वावरील शिक्षकांना आम्ही कमी लेखत नाही. त्यांच्यातील कितीतरी जण पोटाला चिमटा घेऊन मनापासून शिकवितात. परंतु ज्याला पुढील जूनची खात्री नाही, त्याने दहा वर्षे चालणारा अभ्यास कसा हाती घ्यावा? ज्या संस्थेने साऱ्या जागा अशाच भागविल्या, तिने आपल्या विभागाची किंमत स्वतःच सांगितली आहे. शिक्षकांना विचारावे, "सर, सध्या आपण काय वाचता?" प्रश्न उद्धट नाही. नम्रपणे विचारल्यास खरा शिक्षक खुलतो आणि घटकाभर बोलतो. शेवटी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठून विचारावे, "तुम्हांला येथे आल्यावर कोणती गोष्ट नव्याने कळली?" त्याने गाइडाचे नाव सांगितले तर एक उत्तर मिळाले. त्याने आपल्या आजीच्या ओव्या उतरवून घेतल्याचे सांगितले तर दुसरे.

आणि या साऱ्या तपासणीत विभाग दुबळा आढळला तर? जवळपास दुसरे महाविद्यालय नसेल, मुलीला दूर ठेवणे परवडत नसेल, तर? शुभवर्तमानातील अंजिराच्या झाडाचा दाखला येथे आठवावा. तीन वर्षे फळ नाही म्हणून धनी झाड तोडावयास सांगतो. माळी म्हणतो, आणखी एक वर्ष राहू द्या, मी भोवताली खणतो, खत घालतो. आपली टीका त्या माळ्याची असावी. विद्यार्थी कमी म्हणून एखादा विषय बंद पडतो आणि विषय बंद पडला म्हणून पुढील वर्षी विद्यार्थी येत नाहीत, असे हे चक्र आहे. त्यात आपण खतपाणी घालणारे आहोत की कुऱ्हाड उचलणारे, हे आपल्या एका प्रवेश-अर्जानेही ठरते.

त्यासाठी धर्मग्रामांना फार काही करावे लागेल असे नाही. 'ख्रिस्तपुराणा'ची एक प्रत विकत घेऊन गावातील महाविद्यालयाच्या ग्रंथालयास भेट द्यावी, आणि नुसती देऊन न थांबता मराठीच्या विभागप्रमुखांना, "यावर मुलांना एक तास द्याल काय?" अशी विनंती करावी. आपल्या वृद्ध माणसांकडे मिशनच्या जुन्या काळच्या आठवणी आहेत, दुष्काळाच्या आहेत, ऊसतोडीच्या आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना त्या उतरवून घेण्यास घरी बोलवावे, चहा द्यावा. औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली स्थापन झाला, त्याला आता अर्धशतक होत आले. एवढ्या काळाचा येथील ख्रिस्ती कुटुंबांचा इतिहास मराठीतून लिहावयाचा तर तो लिहिणारी मुले-मुली कला शाखेतूनच येणार आहेत.

परळीच्या त्या गृहस्थांना द्यावयाचे उत्तर आमच्यापाशी आता आहे. दादा, जागा बघताना आपण पाणी बघता, तेच येथेही बघावयाचे. जमिनीच्या वर काय बांधले आहे ते मागाहून पाहू. आधी खाली ओल आहे काय, ते पाहावे. आणि मुलीला बरोबर न्यावे. शिकावयाचे तिला आहे, आणि कॉलेज बघून यावे हे प्रथम सुचले तेही तिलाच.